पायात काय बांधलंय, एवढंच का बघायचं?

बर्फाच्या उतारावर कुणी पायात काय बांधून घसरावं, याच्याशी आपल्याला काय देणंघेणं? मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्या मनात येणार हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे बर्फ बघायचा तो फ्रीजमध्ये, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. फार तर एखादीने काश्मीरची किंवा मनालीची टूर केली असेल आणि भाड्याचा कोट-बूट चढवून फोटो काढून घेतले असतील. तरीही आज मी बर्फावरच लिहिणार आहे. अमेरिकेत गेली चाळीसेक वर्षं या विषयावरून एक वाद चालू आहे. मागे तिकडे मुक्काम झाला तेव्हा तो जवळून ऐकायला मिळाला, आणि ऐकता ऐकता त्यात बरंच काही ओळखीचं सापडत गेलं. ‘हे इथे चालायचं नाही’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेलं असतं ना, म्हणून.

आधी वाद काय आहे ते सांगते. बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली यायचा खेळ म्हणजे स्कीइंग. दोन पायांना दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधायच्या, दोन हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि तोंड समोर ठेवून नागमोडी वळणं घेत उतरायचं. वर जायला तारेवरून लटकणाऱ्या खुर्च्या असतात. त्या फिरतच असतात; आपण पटकन बसायचं आणि वर पोचलं की पटकन उतरून बाजूला व्हायचं. हा झाला जुना, प्रतिष्ठित प्रकार.

दुसरा प्रकार स्नोबोर्डचा. यात एकच रुंद फळी असते आणि दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधलेले असतात. माणूस एक खांदा पुढे काढून, तिरका उभा राहून घसरतो. हातात काठ्या वगैरे काही नाही. शिवाय आणखीही तऱ्हा आहेत. कुणी सायकलीला चाकांच्या जागी पट्ट्या लावून येतं. ज्यांचे पाय चालत नाहीत, अशांसाठी पट्टीवर खुर्ची बसवलेली असते, तिला सिट-स्की म्हणतात. आता प्रश्न असा, की स्कीवाल्यांच्या उतारावर या बाकीच्या मंडळींनी यावं की नाही?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? पण अमेरिकेत आजही तीन डोंगर असे आहेत, जिथे स्नोबोर्ड घेऊन गेलात तर तिकीट मिळत नाही. युटा राज्यातले आल्टा आणि डियर व्हॅली, आणि व्हरमाँट राज्यातलं मॅड रिव्हर ग्लेन. पूर्वी ही यादी बरीच लांब होती. कोलोरॅडोतला अ‍ॅस्पेन माउंटन २००१ साली फळीवाल्यांना खुला झाला, न्यू मेक्सिकोतलं टाओस २००८ च्या मार्चमध्ये. हे तिघं मात्र अजून अडून आहेत.

या फळीचा जन्म कसा झाला ते ऐकलंत तर तुम्हालाही ती आपली वाटेल. १९६५ सालचा नाताळ. मिशिगन राज्यातलं मस्कीगन हे गाव. शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांच्या घरी दोन मुली, आणि बायको नॅन्सी तिसऱ्या वेळी गरोदर. सुट्टीचा दिवस, बाहेर बर्फ, आणि पोरींनी घर डोक्यावर घेतलेलं. नॅन्सीबाईंनी नवऱ्याला सांगितलं, आधी या दोघींना बाहेर घेऊन जा, नाहीतर माझं डोकं फिरेल. (हा संवाद कुठल्याही भाषेत असाच होतो!) पॉपेन पोरींना घेऊन घरामागच्या टेकाडावर गेले. तिथे त्यांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी जोडून एक फळी केली आणि पोरींना त्यावर उभं राहून घसरायला दिलं. पोरी खूश! आसपासची मुलंही आपल्यालाही हवी म्हणून मागे लागली. स्नो म्हणजे बर्फ आणि सर्फर म्हणजे लाटेवर फळी घेऊन घसरणारा. हे दोन शब्द एकत्र करून ‘स्नर्फर’ हे नाव ठेवलं ते नॅन्सीने. पुढे एका कंपनीने ती खेळण्यासारखी बाजारात आणली आणि ती भरपूर खपली.

म्हणजे बघा, ज्या वस्तूला पुढे डोंगराडोंगरावर ‘मवाली पोरांचं खूळ’ म्हणून बंदी झाली, ती मुळात दोन लहान मुलींसाठी झाली होती, आणि तिचं बारसं त्यांच्या आईने केलं होतं.

त्या खेळण्याचं खरं साधन केलं ते जेक बर्टन कार्पेंटर या तरुणाने. १९७७ साली त्याने व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. पण बोर्ड बनवले तरी घसरायचं कुठे? चांगले, राखलेले उतार सगळे स्कीवाल्यांचे. मग ही पोरं रात्री, नाहीतर डोंगर बंद झाल्यावर चोरून पायी वर चढायची. व्हरमाँटच्याच स्ट्रॅटन या मोठ्या डोंगराने १९८३ मध्ये दार किलकिलं केलं. त्या काळात बऱ्याच ठिकाणी फळीवाल्यांना आधी परीक्षा द्यावी लागायची. वळून दाखव, थांबून दाखव, मग खुर्चीत बस. स्कीवाल्यांना अशी परीक्षा नव्हती. एखादा आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्या बांधणारा माणूस पैसे भरून थेट वर जाऊ शकत होता. नवीन सुनेच्या पोळ्या गोल आहेत का ते सगळं घर बघतं, लेकीच्या पोळ्या कुणी मोजत नाही, तसंच काहीसं!

आता विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे. सगळंच काही हट्टाचं नाही. पहिला मुद्दा दिसण्याचा. फळीवाला तिरका उभा असतो, त्यामुळे त्याच्या पाठीकडची बाजू त्याला चटकन दिसत नाही. त्या बाजूला वळताना कुणी शेजारी असेल तर धडक बसू शकते. दुसरा मुद्दा बर्फाचा. शिकाऊ माणूस फळी आडवी धरून घसरतो तेव्हा उतारावरचा मऊ बर्फ खरवडून निघतो, खाली टणक थर उघडा पडतो आणि मागून येणाऱ्यांचे हाल होतात. तिसरा मुद्दा बसण्याचा. पाय बांधायला, दम खायला फळीवाले उताराच्या मधोमध बसकण मारतात. चौथा मुद्दा खुर्चीचा. मॅड रिव्हर ग्लेनला १९४८ साली बसवलेली, एकेका माणसाची जुनी खुर्ची-लिफ्ट आहे. एक पाय फळीला बांधलेला आणि एक मोकळा अशा अवस्थेत तिच्यावरून उतरणं अवघड जातं.

यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं. पाठीकडचं दिसत नाही हे खरं, पण स्कीवाल्यालाही मागून कोण येतंय हे दिसत नाहीच. म्हणून तर अमेरिकेतल्या सगळ्या डोंगरांसाठी एक दहा कलमांची आचारसंहिता आहे, ती तिथे फलकांवर लिहिलेली असते. आपला वेग आपल्या ताब्यात ठेवा. तुमच्या पुढे जो आहे त्याचा हक्क पहिला, त्याला चुकवणं ही तुमची जबाबदारी. वरून दिसणार नाही अशा जागी थांबू नका. निघताना वर बघून निघा. आपलं साधन सुटून खाली पळणार नाही अशी सोय करा. लिफ्टवर चढता-उतरता येत नसेल तर आधी शिकून घ्या. दारू पिऊन येऊ नका. या दहा कलमांत पायाला अमुकच बांधलेलं हवं असं एकही कलम नाही. सगळी कलमं वागण्याची आहेत.

बर्फ खरवडण्याचं म्हणाल तर शिकाऊ स्कीवालाही पट्ट्या आडव्या करून बर्फ खरवडतच उतरतो. आणि इजेचं म्हणाल तर दोन्हीकडे होतात, फक्त जागा बदलते. फळीवाला पडताना हात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. स्कीवाल्याची पट्टी अडकून पाय पिळतो, त्याचा गुडघा जातो. मनगट मोडणाऱ्याला बंदी आणि गुडघा मोडणाऱ्याला मान, हा कुठला न्याय?

या वादाची मला गोडी लागली ती सॉल्ट लेक सिटीला, धाकट्या दिरांच्या घरी. आमचे भाऊजी तिथे वीसेक वर्षं आहेत. चाळिशी उलटल्यावर स्की शिकले आणि आता दर शनिवारी डोंगरावर. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, एकोणीस वर्षांची, ती पक्की फळीवाली. त्यामुळे शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर ‘उद्या कुठला डोंगर’ यावरून हमखास ठिणगी पडायची.

भाऊजी म्हणायचे, ‘‘वहिनी, या फळीवाल्यांना मागचं दिसतच नाही. दोनदा माझ्या अंगावर येता येता राहिलेत. निदान दोन-तीन डोंगर तरी शांततेत राहू देत की आमचे.’’

पुतणी म्हणायची, ‘‘काकू, मला मागून धडक दिली ना, तो स्कीवालाच होता. त्याला कुणी विचारलं का, की स्की घेऊन कशाला आलास म्हणून?’’

आणि जाऊबाई आमटी वाढता वाढता म्हणायच्या, ‘‘दोघांचंही खरं आहे हो. पण घरातली चार माणसं एका डोंगरावर जाऊ शकत नाहीत, याला काय अर्थ आहे?’’

मला जाऊबाईंचं म्हणणं सगळ्यात पटलं. बंदीचा फलक लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘ते लोक’ असतात. प्रत्यक्षात तो फलक एकाच घरातल्या बापलेकीच्या मध्ये येऊन उभा राहतो.

एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले, सगळ्यांना परवानगी असलेल्या एका डोंगरावर. मला काही घसरायचं नव्हतं. स्वेटरवर स्वेटर चढवून, हातात गरम कॉफीचा पेला घेऊन पायथ्याच्या बाकावर दोन तास बसले आणि येणारे-जाणारे बघत राहिले. आपल्या बायकांना बघण्याची सवय असतेच, कोण कसं चालतं, कोण कसं वागतं. तिथे एक मध्यमवयीन गृहस्थ महागड्या स्कीवर, लहान मुलांच्या शिकण्याच्या पट्ट्यातून सुसाट खाली आले. ‘सावकाश’ असा फलक होता, तो त्यांनी वाचलाही नसेल. त्यांच्यामागून फळीवर एक मुलगी आली, मुलं दिसताच कडेला झाली आणि वेग कमी करून थांबली. थोड्या वेळाने दोन फळीवाली पोरं उताराच्या मध्यावरच बसून गप्पा छाटताना दिसली, त्यांना उठवायला पहारेकरी आला. म्हणजे मी म्हणते ते हेच. बेशिस्त दोन्हीकडे होती आणि समंजसपणाही दोन्हीकडे.

मग बंदी टिकून आहे ती कशाच्या जोरावर? तर परंपरेच्या. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे, आमच्या माणसांना असंच आवडतं.’ हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. पण इथेही सरसकट बोलून चालणार नाही, कारण तिन्ही डोंगरांची गोष्ट सारखी नाही. मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून स्कीवाल्या सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. आपल्या गावच्या सोसायटीसारखं समजा. सभासदांनी शेअर घेतले, डोंगर चालवला, आणि बोर्ड नको हे तेच ठरवतात. मला त्यांचं म्हणणं पटत नसलं तरी घर त्यांचं आहे. डियर व्हॅलीचा कारभार खासगी जमिनीवरचा, गिऱ्हाइकाला काय आवडतं ते बघून चाललेला. आल्टाची गोष्ट मात्र वेगळी. १९३९ पासून चालू असलेला हा डोंगर बराचसा सरकारी वनखात्याच्या जमिनीवर आहे. वनखात्याच्या परवान्यावर तो चालतो. म्हणजे जमीन जनतेची, आणि जनतेपैकी काहींना प्रवेश नाही.

यावरून २०१४ च्या जानेवारीत काही फळीवाल्यांनी ‘वॉसाच इक्वॅलिटी’ नावाची संस्था काढून कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं, अमेरिकेच्या घटनेत सगळ्यांना समान संरक्षण आहे आणि सरकारी जमिनीवर असा भेदभाव चालणार नाही. खालच्या कोर्टाने त्याच वर्षी दावा फेटाळला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये वरच्या कोर्टाने तोच निकाल कायम केला. कोर्टाचं म्हणणं असं, की बंदी घातली ती डोंगर चालवणाऱ्या कंपनीने, सरकारने नव्हे. आणि घटनेचं हे कलम सरकारला लागू होतं, खासगी कंपनीला नाही.

कायद्याने ते बरोबर असेलही. फळी घेऊन डोंगरावर जाता न येणं आणि रंगावरून किंवा जातीवरून दार बंद होणं, हे एका तागडीत तोलायचे अन्याय नाहीत, हेही मला कळतं. बोर्ड काढून ठेवता येतो, जात काढून ठेवता येत नाही. पण ‘कायद्याने चालतं’ आणि ‘शोभतं’ यांत फरक आहे की नाही? जमीन सगळ्यांची असताना, धोक्याचं ठोस कारण न देता, फक्त ‘आमच्या गिऱ्हाइकांना आवडत नाही’ म्हणून कुणाला अडवणं मला शोभणारं वाटत नाही.

बायकांच्या बाबतीत तर बर्फावर याहून वाईट घडलेलं आहे. स्की घालून उंच कड्यावरून उडी मारण्याचा एक खेळ आहे, स्की-जंपिंग. १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून तो आहे, पण फक्त पुरुषांसाठी. बायकांच्या शरीराला हा खेळ झेपायचा नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. इथे साधन तेच होतं, कडाही तोच, नको होती ती फक्त बाई. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या आधी या खेळाडू मुली कॅनडाच्या कोर्टात गेल्या. २००९ मध्ये न्यायाधीशबाईंनी निकाल दिला, की तुमच्यावर भेदभाव होतोय हे खरं, पण निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा आहे आणि आमचा कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही. पुढे २०१४ साली रशियातल्या सोचीला पहिल्यांदा बायकांनी ऑलिम्पिकमध्ये ती उडी मारली. ९० वर्षं लागली. आणि उडी मारल्यावर शरीराला काही झालं नाही बरं का!

हे सांगायचं कारण असं, की ‘धोका’ हा शब्द फार सोयीचा असतो. नकोशा माणसाला दारात अडवताना तो चटकन हाताशी येतो. म्हणून कुणी धोका म्हटलं की लगेच मान डोलवू नये. कसला धोका, कुणाला, आणि तो कमी करायला तुम्ही काय केलंत, हे विचारावं.

त्या शनिवारी डोंगरावर मी आणखी एक दृश्य पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वरून एक बाई खुर्चीत बसून येत होती. खुर्चीखाली एकच पट्टी, आणि दोन्ही हातांत कुबड्यांसारख्या काठ्या, त्यांच्या टोकाला छोट्या पट्ट्या लावलेल्या. अंग या कुशीवर, त्या कुशीवर झुकवत ती इतक्या लयीत वळणं घेत आली, की मी कॉफी प्यायची विसरले. खाली आल्यावर ती सरळ लिफ्टच्या रांगेत गेली. पहारेकऱ्याने फिरती खुर्ची क्षणभर सावकाश केली, ती बसली आणि पुन्हा वर गेली. कुणी वळून पाहिलं नाही की च्‌च्‌ केलं नाही.

सिट-स्की हेसुद्धा एके काळी विचित्र साधनच होतं. अपंगांचं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक १९७६ साली स्वीडनमध्ये झालं, पण बसून स्की करणाऱ्यांना त्यात जागा मिळाली ती १९८८ साली, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. युटातल्याच पार्क सिटी गावात १९८५ पासून अपंगांना स्की शिकवण्याचं काम चालू आहे. आणि एमी पर्डी या मुलीची गोष्ट तर सगळ्या मुलींना सांगावी अशी. एकोणिसाव्या वर्षी मेंदूच्या आवरणाच्या तापाने तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. ती आधीपासून फळीवाली. पण फळीवर उभं राहता येईल असे कृत्रिम पाय मिळेनात. मग तिने स्वतःच जुळवाजुळव करून आपले पाय तयार केले. २०१४ मध्ये अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा आला, आणि एमीने कांस्यपदक मिळवलं. २०१८ मध्ये आणखी दोन पदकं. जिथे पायच घरी जुळवलेले, तिथे ‘ठरलेलं साधन’ म्हणजे काय, याचं उत्तर कोण देणार?

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही तालुक्यातल्या अपंग मुलींना तीनचाकी सायकली मिळवून देण्याचं काम करतो. त्यातल्या एका मुलीला गावाजवळच्या एका मैदानावरच्या चालण्याच्या पट्ट्यावर अडवलं होतं, कारण फलकावर ‘वाहनांस मनाई’ लिहिलेलं. तिची सायकल म्हणजे तिचे पाय, हे रखवालदाराला समजावून सांगताना आमची संध्याकाळ गेली. बिचाऱ्याचा दोष नव्हता. फलक लिहिणाऱ्याने चाकं बघितली होती, माणूस बघितला नव्हता. युटाच्या डोंगरावर त्या बाईला रांगेत सहज सामावून घेतलेलं पाहिलं, तेव्हा मला आमचं ते मैदान आठवलं.

आता कुणी म्हणेल, मग काय वाटेल ते घेऊन यायचं का उतारावर? परात, ट्रकच्या टायरची ट्यूब, प्लास्टिकची घमेली? तर नाही. ट्यूबमध्ये बसलेल्या माणसाला वळता येत नाही आणि हवं तिथे थांबताही येत नाही. तो स्वतःवरच स्वार नसतो. अशांसाठी वेगळा, कडेने बांध घातलेला उतार असावा, आणि बऱ्याच ठिकाणी तो असतोही. ही बंदी मला मान्य आहे, कारण ती प्रत्यक्ष धोक्यासाठी आहे. ट्यूबवाल्यालाही त्याची मजा मिळते, फक्त जागा वेगळी.

आपल्या गुलमर्गलाही हाच विचार उपयोगी आहे. टूरवर जाणाऱ्या आपल्या मराठी बायका तिथे स्कीपेक्षा लाकडी स्लेजवरच बसतात. स्लेजवाला दोरी ओढत आपल्याला चढावर नेतो आणि उतारावर मागे बसून आपल्यासकट घसरत खाली येतो. त्याच बर्फावर कुणी स्की शिकत असतं, कुणी बोर्ड घेऊन असतं. १९९८ साली तिथे गोंडोला सुरू झाला, २००५ मध्ये त्याचा दुसरा टप्पा जवळपास ४ हजार मीटर उंचीपर्यंत गेला, आणि जगभरातले स्कीवाले, बोर्डवाले यायला लागले. अशा वेळी ‘या लाकडी फळकुटांनी शोभा जाते, हटवा यांना’ असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. पण ती स्लेज म्हणजे त्या माणसाची हिवाळ्यातली चूल आहे. स्लेजला आखून दिलेली वाट, शिकाऊंना वेगळा पट्टा, वरच्या उतारावर फक्त वळू-थांबू शकणारे, अशी व्यवस्था लावता येते. व्यवस्था लावणं कष्टाचं असतं, हाकलणं सोपं असतं, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गंमत. फळीवाल्यांना नाकं मुरडता मुरडता स्कीवाल्यांनी त्यांच्याकडून बरंच काही उचललं. १९९० नंतर स्कीच्या सरळसोट पट्ट्या कमरेत बारीक आणि टोकांना रुंद झाल्या, वळायला सोप्या. भुसभुशीत बर्फासाठी रुंद पट्ट्या आल्या. दोन्ही टोकं वर वळलेल्या पट्ट्या आल्या, त्यांवर उलटं घसरता येतं. हे सगळं बोर्डवर आधी होतं. म्हणजे सून नको, पण तिच्या हातचं लोणचं हवं!

या सगळ्या वादाला खरं उत्तर दिलं ते एका मुलीने. एस्टर लेडेका, चेक देशाची. २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, दक्षिण कोरियात, ती स्कीच्या सुपर-जी शर्यतीत उतरली. ही फळीवाली, इकडे काय करणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिचा नंबर सव्विसावा, बघणाऱ्यांनी आधीच्यांपैकी विजेती मनाशी ठरवूनही टाकली होती. लेडेका सेकंदाच्या शंभराव्या भागाने पहिली आली. फलकावरचं स्वतःचं नाव बघून तिलाच खरं वाटेना. आठवड्याभराने तिने स्नोबोर्डच्या शर्यतीतही सुवर्णपदक घेतलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये स्की आणि बोर्ड दोन्हींवर सोनं मिळवणारी ती पहिलीच. तिच्यासाठी डोंगर एकच होता.

तर मला विचाराल तर उतारावर कुणाला येऊ द्यायचं याची कसोटी सोपी असावी. तुम्हाला वळता येतं का? हवं तिथे थांबता येतं का? तुमचं साधन सुटून दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही, याची सोय केली आहे का? लिफ्टवर चढता-उतरता येतं का, किंवा मदतीने ते जमतं का? या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर पायात पट्ट्या दोन आहेत की एक, की पायच नाहीत, याची चौकशी कुणी करू नये. आणि उत्तर ‘नाही’ असेल तर महागड्या स्कीवाल्यालाही शिकाऊंच्या उतारावर पाठवावं.

हे लिहून आल्टाचा फलक उतरणार नाही, हे मला कळतं. तिथे माझा आवाज पोचणारही नाही. पण असे फलक आपल्याकडेही कमी नाहीत. मंडळात, बचतगटात, देवळाच्या उत्सवात, शाळेच्या मैदानावर आपल्यापैकी पुष्कळजणी आता निर्णय घेण्याच्या जागी आहेत. एखादी मुलगी काही नवीन साधन, नवीन पोशाख, नवीन रीत घेऊन दाराशी आली, की ‘आपल्याकडे असं नसतं’ हे वाक्य आपल्याही ओठांवर येतं. ते आलं की जरा थांबून एवढंच विचारू या, हिच्या येण्याने खरोखर कुणाला काय इजा होणार आहे? उत्तर सापडलं तर अवश्य नियम करावा. नाही सापडलं, तर सरकून तिला जागा द्यावी.